बायाबाई आणि तिसरं सिलिंडर

बायाबाई मेंगाळांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्यांचे फक्त पाय दिसत होते. लोणावळ्याहून खंडाळ्याकडे जाताना गंगाधर वाडेकरांचं गॅरेज होतं. तिथे उभ्या असलेल्या ट्रकखालून दोन अनवाणी पाय बाहेर आले होते, पायांत चांदीचे वाळे. खालून आवाज आला, "भाऊ, चौदाचा पाना द्या." गॅरेजचे मालक गंगाधरभाऊ स्वतः वाकले आणि पाना दिला. थोड्या वेळाने कासोटा घातलेली, चाळिशीला टेकलेली एक काटक बाई सरपटत बाहेर आली, चिंधीला हात पुसले आणि आमच्या गाडीकडे बघून म्हणाली, "हिला काय झालंय?"

ही १९७४ची फेब्रुवारी. आमच्या गाडीला काय झालंय हे सांगायला माझ्या नवऱ्याला, बाळला, पाऊण तास लागला.

आम्ही तळेगावात राहत होतो. मी तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायची. बाळ चिंचवडच्या एका इंजिनांच्या कारखान्यात इंजिनिअर होता. आदल्या वर्षी पेट्रोल कडाडलं तेव्हापासून एक कल्पना त्याच्या डोक्यात होती: लहान इंजिनाकडून मोठ्या इंजिनाचं काम करून घ्यायचं. त्यासाठी त्याने भंगारातल्या डिझेल जनरेटरचा टर्बोचार्जर काढून आमच्या जुन्या चार सिलिंडरच्या गाडीला बसवला होता. टर्बो म्हणजे एका दांड्यावर दोन पंखे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोराने एक पंखा फिरतो, त्याच्याबरोबर दुसरा फिरतो, आणि तो दुसरा हवा-पेट्रोल दाबून इंजिनात भरतो. जास्त भरलं की जास्त ताकद. सपाट रस्त्यावर ती गाडी अशी पळायची, की मागे बसलेली माणसं देवाचं नाव घ्यायची.

पण घाट लागला आणि पाय पूर्ण दाबला, की गाडी ठेचकाळायची. इंजिन मधेच एखादा ठोका गाळायचं, गाडीला हिसके बसायचे, मागे सायलेन्सरमध्ये फटाके फुटायचे. गॅरेजवाले याला 'मिसिंग' म्हणतात. बाळने तीन महिन्यांत पेट्रोलचा पंप बदलला, कार्बोरेटर दोनदा बदलला, टाकी धुतली. कारखान्यात नेली की गाडी शहाण्यासारखी वागायची.

आता मुदत संपत आली होती. कारखान्याचे मुख्य इंजिनिअर बाजीराव भोईटे यांनी बाळला सांगितलं होतं, "पंचवीस मार्चला मी स्वतः गाडीत बसतो. खोपोली ते खंडाळा. एकदाही अडखळली, तर टर्बोचा विषय कायमचा बंद." पुण्यातल्या दोन नावाजलेल्या मेकॅनिकांनी हात टेकले होते. त्यातल्याच एकाने बाळला या गॅरेजचा पत्ता दिला आणि म्हणाला, "तिथली ठाकरीण बघेल. हसू नका, बघेल."

बायाबाईंची हकिगत मला पुढे तुकड्यातुकड्यांनी कळली, काही त्यांच्याकडून, काही गंगाधरभाऊंकडून.

जन्म राजमाचीच्या वाटेवरच्या ठाकरवाडीतला. लग्न झालं बारकूशी. तो रेल्वेच्या गँगमध्ये, घाटातल्या रुळांवर खडी सारायच्या कामावर. पंचावन्न-छप्पनच्या सुमाराला बायाबाई आणखी चार-पाच बायकांबरोबर मोटारींना पाणी द्यायला घाटात उभ्या राहू लागल्या. तेव्हाच्या गाड्या बोरघाट चढताना हमखास तापायच्या. रेडिएटरमधून वाफ निघायला लागली की ड्रायव्हर गाडी कडेला घेई, आणि या बायका झऱ्याचं पाणी डब्यांतून आणून देत. बाकीच्या पाणी देऊन सावलीला जात. बायाबाई उघड्या बॉनेटपाशीच उभ्या राहत. कुठली नळी कुठे जाते, काय हललं की काय हलतं, हे नुसतं बघून त्यांनी पाठ केलं.

एकोणसाठच्या उन्हाळ्यात एक लॉरी गचके खात वर आली. पाणी ओतताना बायाबाईंच्या ओल्या हातावरचे थेंब इंजिनाच्या कडेच्या धुराच्या नळांवर पडले. तीन नळांवर ते चर्र करून उडाले. चौथ्यावर नुसता ओला डाग. त्यांनी मुद्दाम पुन्हा पाणी शिंपडलं. पुन्हा तेच.

"दादा," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या, "तुज्या तीनच चुली पेटल्यात. ही चौथी इझली."

ड्रायव्हर हसला. पण दुसऱ्या एका गाडीच्या कामासाठी तिथे आलेले गंगाधरभाऊ हसले नाहीत. त्यांनी चौथा प्लग काढला. मेलेला. नवा घातला आणि लॉरी सरळ चालायला लागली.

"तुला कसं कळलं?" त्यांनी विचारलं.

"भाऊ, इझल्या चुलीवं पानी सांडलं तर वाजतं व्हय?"

गंगाधरभाऊंनी दुसऱ्या दिवसापासून त्यांना गॅरेजात कामाला बोलावलं. आधी रॉकेलमध्ये सुटे भाग धुवायचे, मग खोलायचे, मग जोडायचे. बाजारात लोक बोलले. काही ड्रायव्हर म्हणत, बाईमाणसाने गाडीला हात लावलेला आम्हाला चालणार नाही. गंगाधरभाऊ त्यांना शांतपणे सांगत, "मग गाडी ढकलत पुण्याला न्या." वाडीतल्या म्हाताऱ्यांनी बारकूला बोलावून जाब विचारला. बारकू कमी बोलणारा माणूस. तो एवढंच म्हणाला, "कोयता धरला तवा कुनी इचारलं न्हाई. पाना धरला तर काय हात बदलला?"

बायाबाई शाळेत गेल्या नव्हत्या. चार सिलिंडर ज्या क्रमाने पेटतात तो क्रम गॅरेजच्या भिंतीवर खडूने लिहिलेला असे: एक, तीन, चार, दोन. त्यांना ओळखता आलेले हे पहिले आकडे. धाकट्या मुलीलाही त्यांनी आकडे याच क्रमाने शिकवले, त्यामुळे ती शाळेत गेली तेव्हा गुरुजींपुढे "एक, तीन, चार, दोन" असंच म्हणाली आणि चुकलं म्हटल्यावर भांडली. हे मला सांगताना बायाबाई इतक्या हसल्या, की त्यांना पदराने डोळे पुसावे लागले.

तर त्या दिवशी बाळचं पाऊण तासाचं भाषण त्यांनी ऐकून घेतलं. इंजिन चालू करायला लावलं, कान दिला, कार्बोरेटर उघडला, तळाशी थोडा गाळ होता तो पुसला आणि म्हणाल्या, "कचरा व्हता. जावा आता."

रविवारी आम्ही घाट चढलो. तेच हिसके, तेच फटाके. बाळ रागाने लाल झाला. आम्ही तसेच गॅरेजात गेलो. मला वाटलं, आता ही बाई काहीतरी सबब सांगेल.

"माजं चुकलं," त्या म्हणाल्या. "गाडी हितं खोकत न्हाई आन म्या हितंच बघत बसले. मला घाटात न्या."

मग आम्ही तिघं खोपोलीला उतरलो. गाडी मी चालवत होते, कारण बाळला मागे बसून नोंदी घ्यायच्या होत्या. शिवाय मी त्याच्यापेक्षा बरी चालवते, हे तो सोडून सगळे मान्य करतात. बायाबाई माझ्या शेजारी बसल्या. त्यांचं सगळं आयुष्य या घाटात गेलं होतं, पण मोटारीत पुढे बसून घाट चढण्याची ही पहिलीच वेळ. पहिल्या वळणावर त्यांनी दाराची मूठ घट्ट धरली. दुसऱ्या वळणापासून मात्र त्यांचं लक्ष फक्त आवाजाकडे आणि माझ्यासमोरच्या एका काट्याकडे होतं.

"ह्यो काटा कशाचा?"

"टर्बो किती जोराने भरतोय, ते दाखवतो," बाळ म्हणाला.

गाडी ठेचकाळली. बायाबाईंनी मला मागे वळायला लावलं. तोच चढ पुन्हा, पण वरच्या गिअरमध्ये. मग तिसऱ्यांदा, अगदी सावकाश सुरुवात करून. वेग वेगळा, जागा वेगळी, पण काटा ठरावीक रेघेच्या पुढे गेला, की मिसिंग सुरू. तिन्ही वेळा तीच रेघ. गेले तीन महिने तो काटा माझ्या नाकासमोर होता आणि मला हे दिसलं नव्हतं.

"सायेब, पेट्रोल कमी पडलं तर गाडी कशी दम सोडती, हळूहळू. ही तशी न्हाई करत. ही ठेच लागल्यावानी करती. आन मागं फटाके फुटत्यात. म्हंजी पेट्रोल आत येतंय, पन न जळताच भाईर जातंय, आन सायलेन्सरात पेटतंय. पेट्रोलचं खूळ सोडा. ठिनगीचं बघा."

बाळने वही चाळली. मग म्हणाला, "पण ठिणगी तर चांगली आहे. मी प्लग बाहेर काढून पाहिलीय."

"भाईर," बायाबाई म्हणाल्या. "आत बघितलीय का? तुमचा ह्यो टर्बो म्हंजी गाडीनं आपलाच धूर घिऊन आपलीच चूल फुकायची, आसंच ना? मंग लय जोरात फुकली तर चूल पेटती का इझती?"

मी गाडी कडेला घेतली. दाबलेल्या हवेतून ठिणगीला उडी मारायला जास्त जोर लागतो, हे मी मुलांना पुस्तकातून शिकवलेलं होतं. आणि प्लगच्या दोन टोकांमधलं अंतर बाळने नेहमीच्या गाडीसारखंच ठेवलेलं होतं. बाहेरच्या मोकळ्या हवेत ठिणगी सहज उडत होती. आत, टर्बोने ठासून भरलेल्या हवेत, तिची उडी पोचत नव्हती.

बायाबाईंनी तिथेच चारही प्लग काढले. अंतर मोजायला पोलादी पातळ पट्ट्या असतात, मेकॅनिक त्यांना पानं म्हणतात. पानांवरचे आकडे त्या वाचत नसत, बोटांनी जाडी ओळखत. त्यांनी त्यातलं बारीक पान निवडलं आणि चारही प्लगची टोकं जवळ आणली. आम्ही पुन्हा खाली जाऊन चढायला लागलो. काटा त्या रेघेशी आला, ओलांडून गेला, आणि गाडी गुळगुळीत चढत राहिली. बाळ मागून ओरडलाच. पण खंडाळा दिसायच्या आधी, सगळ्यात खड्या चढावर, काटा टोकाला टेकला आणि पुन्हा एक हिसका बसला. मग आणखी एक.

बाळने वही बंद केली. बायाबाई मात्र खुशीत होत्या.

"आदी चारी पाय लंगडत व्हते. आता येकच लंगडतोय. कुटला, ते बघू."

त्यासाठी त्यांनी जे सांगितलं, ते मी दोनदा विचारून घेतलं. पुन्हा त्याच चढावर, मिसिंग चालू असतानाच, क्लच दाबून किल्ली बंद करायची आणि गाडी तशीच कडेच्या रुंद जागेत घ्यायची. "इंजिन तितंच मेलं पायजे. रमतगमत बंद केलं तर प्लग सोताला पुसून घेत्यात, चोर सापडत न्हाई."

मागे ट्रक नाही असं पाहून मी ते केलं. एकदम शांतता, फक्त टायरांचा आवाज, आणि गाडी कशीबशी कठड्याशी थांबली. गरम प्लग चिंधीत धरून बायाबाईंनी कठड्याच्या दगडावर ओळीने मांडले. एक, दोन आणि चार कोरडे, विटकरी. तिसरा काळा आणि पेट्रोलने ओला.

तिसरा प्लग त्यांनी पहिल्या सिलिंडरला लावला, पहिला तिसऱ्याला. पुन्हा तोच खेळ केला. पुन्हा तिसऱ्याचाच प्लग ओला निघाला. म्हणजे दोष प्लगचा नव्हता. मग तिसऱ्या प्लगकडे जाणाऱ्या वायरवरून त्यांनी अंगठा फिरवायला सुरुवात केली. वायर टर्बोच्या मागून, उष्णता अडवायला लावलेल्या पत्र्याला खेटून गेली होती. त्या पत्र्यापाशी अंगठा थांबला.

"हितं रबर वाळल्या शेंगंवानी झालंय. सायेब, हितली वायर कुनी बसवली?"

"मीच," बाळ म्हणाला. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"मंग आता तुमीच बघा."

दुपारचं लख्ख ऊन होतं. बायाबाईंनी गाडीतली घोंगडी उघड्या बॉनेटवर पसरली आणि आम्ही तिघांनी तिच्याखाली डोकी घातली. खाली काळोख, तेलाचा वास आणि गरम वाफारा. प्लग परत बसवल्यावर मी इंजिन चालू करून आले होते. बायाबाईंनी बोटांनी त्या जागेवर पाण्याचे दोन थेंब सोडले. इंजिन लगेच अडखळलं आणि टक, टक, टक, वायरमधून पत्र्यावर निळ्या ठिणग्या उडायला लागल्या. सुईच्या टोकाएवढ्या, पण स्पष्ट. घाटात जोर लागला, की प्लगमधून उडी मारण्यापेक्षा ठिणगीला ही भेगेतली वाट सोपी पडत होती. पाण्याने ती आत्ता उभ्या गाडीतही उघडी पडली.

आम्ही कितीतरी वेळ तशीच बघत राहिलो. तीन महिने ज्याने झोप उडवली होती ते हे एवढंसं होतं, आणि दिसायला मोठं सुंदर होतं. घोंगडी काढली तेव्हा बाळ हसत होता आणि त्याच्या नाकाला काजळी लागली होती.

नवी जाड वायर आली. ती पत्र्यापासून लांब धरायला बायाबाईंनी लोणावळ्याच्या बाजारातून घरातल्या वायरिंगला लावतात तशा चिनी मातीच्या खुंट्या आणवल्या. बाकी तिन्ही वायरीही त्यांनी बदलायला लावल्या. "एक वाळली, तर बाकीच्या काय हिरव्या ऱ्हायल्या असतील?"

पंचवीस मार्चला सकाळी आठ वाजता भोईटेसाहेब खोपोलीत गाडीत बसले. उंच, पांढऱ्या मिशा, मोजकं बोलणं. मागे बाळशेजारी बायाबाई बघून त्यांनी विचारलं, "या कोण?"

"मिसिंग यांनी शोधली," बाळ म्हणाला. "एका दिवसात."

साहेबांनी घड्याळात वेळ पाहून घेतली. मी गाडी सोडली. घाट लागला, काटा चढला, पहिली रेघ गेली, दुसरी गेली. इंजिन एका सुरात. पुढे कांद्याचा एक ट्रक खड्या चढावर जवळजवळ उभाच राहिला आणि मला त्याच्यामागे थांबावं लागलं. याहून वाईट जागा घाटात नाही. चार माणसं गाडीत आणि उभ्या चढावर शून्यापासून सुरुवात. मी पहिला गिअर टाकला. मागून बायाबाईंचा आवाज आला, "बाई, दाबा बिनघोर. तिला आता कुटं दुखत न्हाई."

मी दाबला. काटा टोकाला जाऊन टेकला आणि तिथेच राहिला. गाडीने उसळी घेतली. ट्रक मागे पडला, मग एसटी मागे पडली, मग मुंबईच्या कुणा शेठची लांबलचक परदेशी गाडी मागे पडली, आणि तिच्यातली माणसं आमच्या पोचे आलेल्या मडगार्डकडे बघत राहिली. वळणावर पाणी देणाऱ्या बायका उभ्या होत्या. त्यांनी बायाबाईंना ओळखलं आणि रिकामे डबे बडवत असा गिल्ला केला, की भोईटेसाहेबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून पाहिलं. खंडाळ्याला पोचलो. एकही ठोका चुकला नव्हता.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "पुन्हा एकदा," ते म्हणाले.

पुन्हा उतरलो, पुन्हा चढलो. पण या वेळी साहेब मागे बसले होते, बायाबाईंच्या शेजारी, आणि अख्खा घाटभर त्यांना विचारत होते. किल्ली कधी बंद केली? प्लगचा रंग कसा होता? पाणी का टाकलं? बायाबाई सांगत होत्या, मधेच "ह्ये तुमाला म्हाईत आसंलच" म्हणत होत्या, आणि साहेब प्रत्येक वेळी म्हणत होते, "नाही, सांगा." खंडाळ्याला उतरल्यावर ते बाळला म्हणाले, "टर्बोचं काम चालू ठेवा." मग बायाबाईंकडे वळले. "बाई, आमच्या कारखान्यात इंजिनं तपासणारी वीस पोरं आहेत, सगळी शिकलेली. त्यांना हे दाखवायला याल?"

"गाडीभाडं कुनाचं?" बायाबाईंनी विचारलं, आणि साहेब पहिल्यांदा मोकळेपणाने हसले.

एप्रिलमध्ये त्या पॅसेंजरने चिंचवडला गेल्या, बरोबर मी. जरीकाठाचं ठेवणीतलं लुगडं नेसल्या होत्या. बेगडेवाडी स्टेशन गेलं तेव्हा म्हणाल्या, "बाई, शिकल्याल्या पोरांम्होरं म्या काय बोलू?" पण टेबलावर चालू इंजिन बघितल्याबरोबर त्या सरळ त्याच्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. वीस इंजिनिअर गोल उभे राहिले. एक जण त्यांच्या बोलीवर हलकेच हसला. बायाबाईंनी त्यालाच पुढे बोलावलं, पाठ फिरवून उभं केलं, गुपचूप एका प्लगची वायर सैल केली आणि विचारलं, "सांग लेकरा, कुटली चूल इझली?" त्याला सांगता येईना. नळांवर पाणी शिंपडून दाखवलं तेव्हा तो मुलगा इतरांच्या आधी वही काढून लिहायला लागला. परत येताना मी विचारलं, कसं वाटलं. "मानसं चांगली हायेत," त्या म्हणाल्या, "च्या लय फिका." पुढे चार वर्षं दर दोन महिन्यांनी त्या जात राहिल्या. दारावरचा पहारेकरी त्यांना बघून उठून उभा राहायचा.

सत्याहत्तर साली गंगाधरभाऊ थकले आणि त्यांनी हत्यारं बायाबाईंच्या स्वाधीन केली. कुसगावात रस्त्याकडेला पत्र्याची शेड उभी राहिली. पाटी बारकूने स्वतः रंगवली: 'बायाबाई बारकू मेंगाळ, मोटार दुरुस्ती'. उद्घाटन, नारळ असं काही ठरलेलं होतं, पण त्या सकाळी आधीच एक एसटी शेडसमोर येऊन थांबली, गचके खात. आत लग्नाचं वऱ्हाड. तिकोणा पेठेत साडेबाराचा मुहूर्त, आणि साडेदहा वाजून गेलेले. नवरदेव मुंडावळ्या सावरत खाली उतरला. त्याचे वडील हनुमंतराव, गावचे मोठे बागाईतदार, शेडमध्ये बाई बघून घटकाभर घुटमळले.

"मेकॅनिक कुठंय?"

"हितंच हाय," बायाबाई म्हणाल्या. "इंजिन बंद करू नगा."

डिझेलच्या नळीत हवा शिरली होती. बायाबाईंनी तेवीस मिनिटांत ती काढली. मी शेडच्या दारात नारळ हातात घेऊन उभी होते आणि घड्याळ बघत होते. बस सरळ आवाजात गुरगुरायला लागली तेव्हा वऱ्हाडातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. बायाबाई हात धुवायला निघाल्या, तर हनुमंतराव त्यांच्यासमोर आले.

"मावशी, तुम्ही बसमध्ये बसायचं. वाटेत पुन्हा काय झालं तर?"

"काय व्हनार न्हाई."

"मग लग्नाला म्हणून चला."

त्या तशाच, तेलाच्या डागांसकट, बसमध्ये चढल्या आणि मलाही ओढून घेतलं. मुहूर्ताच्या दहा मिनिटं आधी आम्ही तिकोणा पेठेत पोचलो. अक्षता पडल्या आणि जेवणाची पानं मांडली गेली. ठाकरवाडीची माणसं अशा लग्नांत मांडवाच्या कडेला, सगळ्यांच्या मागून जेवत. बायाबाई सवयीने तिकडेच वळल्या होत्या. हनुमंतरावांनी त्यांना हाताला धरून आणलं आणि पहिल्या पंगतीत, वरमाईच्या शेजारी पाटावर बसवलं. बायाबाईंनी एकदा आपले काळे झालेले हात पाहिले, मग समोरचं पान पाहिलं. वाढप्याला म्हणाल्या, "बुंदी वाढ. आजून वाढ." आणि ताठ बसून जेवल्या.